घोट्याजवळचे ठिपके

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्यापुढे उभे राहून कुणी कधी हसले नाही. लग्ना-वाढदिवसाचे फोटो माझ्या नशिबी नव्हते. एखाद्या वस्तूवर भार पडला की तिचा पृष्ठभाग कुठे किती ताणला जातो, हे मोजणे माझे काम होते.

माझा आणि माझ्या भावाचा जन्म एकाच कारखान्यात, एकाच दिवशी झाला. आम्हाला एका आडव्या दांडीवर शेजारी-शेजारी बसवले आणि कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत पाठवले. दोन डोळ्यांमुळे तुम्हाला जवळचे-लांबचे कळते ना, तसेच आमचे होते. एकट्याने पाहिले तर अर्धेच कळायचे.

आमची देखभाल करणारे तंत्रज्ञ पन्नाशीचे होते. शाळा सुटली की त्यांची भाची तिथे येई आणि ‘मामा, मामा’ करत त्यांच्यामागे फिरे. म्हणून साऱ्या कार्यशाळेचेच ते मामा झाले. मामा पायाच्या नमुन्याला पांढरा रंग देत. मग दात घासायचा जुना ब्रश काळ्या रंगात बुडवून त्यावर बारीक शिंतोडे उडवत. यंत्र पायावर हळूहळू भार टाके आणि आम्ही फोटो काढत राहू. कोणता ठिपका किती सरकला यावरून संगणक चित्र रंगवी. निळे म्हणजे निवांत. लाल म्हणजे तिथे जिवावर बेतले आहे.

रोज सकाळी मामा काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक पाटी आमच्यापुढे धरत. कधी सरळ, कधी तिरकी. आम्हा दोघांची नजर जुळते आहे ना, हे त्यावरून कळे. अर्ध्या तासाचे काम, पण मामांनी ते एक दिवसही चुकवले नाही.

त्यांच्या भाचीला डावे पाऊल जन्मापासूनच नव्हते. शाळेत मैत्रिणी दोरीवरच्या उड्या मारत आणि ही कुबड्या भिंतीला टेकवून, पायरीवर बसून दोरी फिरवी. कार्यशाळेतल्या अभियंता बाईंनी मुलांसाठी हलका, लवचीक पाय तयार केला, तेव्हा पहिला पाय तिला द्यायचे ठरले.

मोजणीच्या दिवशी ती दुपारीच येऊन बसली. “मामा, झाला का? अजून किती वेळ?” तिला उत्तर द्यायला मामा गर्रकन वळले आणि त्यांचे कोपर आमच्या दांडीला लागले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. सैल झालेला स्क्रू हातानेच आवळला. पाटी मात्र पुन्हा न दाखवताच मोजणी सुरू केली.

संगणकावरचे चित्र पाहून बाई घुटमळल्या. “मामा, घोट्याजवळचा आकडा जरा कमी नाही वाटत?”

“सकाळीच पाटी दाखवलीय, बाई. पोरगी बघा ना कशी डोळे लावून बसलीय!”

चित्र सगळे निळे होते. मी वाकडे पाहत होतो, मित्रांनो, पण मला ते ठाऊक नव्हते. वाकड्या नजरेला जग सरळच दिसते.

पुढचे तीन महिने आमचे फार कौतुक झाले. पाहुणे येत, माझ्या काचेत डोकावत. भाचीपाठोपाठ आणखी अकरा मुलांना तसेच पाय मिळाले. आणि एके सकाळी मामा कापडी पिशवीत तुटलेला पाय घेऊन आले. तो घोट्याशीच तडकला होता. भाची उडी मारताना धडधाकट पायावर पडली होती. त्या गुडघ्याचा चुरा झाला होता.

बाईंनी आमच्यापुढे पाटी धरली. “दांडी हललीय,” त्या हळूच म्हणाल्या. “पण कधी हलली असेल?”

मामा गप्प राहिले असते, तर कुणालाही काही कळले नसते. ते म्हणाले, “मला माहितीय कधी ते. माझंच कोपर लागलं होतं.”

त्याच दिवशी अकराही मुलांचे पाय परत मागवले. दोघांच्या पायांना घोट्याजवळ केसाएवढी चीर सापडली.

महिन्याभराने मामांची बहीण मुलीला चाकांच्या खुर्चीतून माप द्यायला घेऊन आली. मामा भाचीसमोर जमिनीवरच बसले. तिने विचारले,

“तूच म्हणाला होतास ना, बिनधास्त उड्या मार म्हणून?”

“हो गं बाळा. मीच म्हणालो होतो.”

तिने तोंड फिरवून आईच्या कुशीत लपवले. बहीण म्हणाली, “दादा, थोडे दिवस घरी येऊ नकोस.”

मामांनी नोकरी सोडली. नवे कॅमेरे आले. भावाला दुसऱ्या खोलीत नेले आणि मला काचेवर झाकण लावून या कपाटात ठेवले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर जरूर विश्वास ठेवा, पण डोळे मिटून नको. आम्हाला धक्का लागला तर तसे सांगा. मोजणाऱ्यालाही अधूनमधून मोजून पाहा. आम्हाला स्वतःची चूक दिसत नाही; ती तुम्हालाच पाहावी लागते.

परवा बाई कपाटाजवळ उभ्या राहून कुणाला तरी सांगत होत्या, की भाचीला दुसरा पाय बसवला, हळूहळू चालते. ती मामाशी बोलते का, हे त्या बोलल्या नाहीत. आणि मला विचारता येत नाही.