ओतिलियाच्या खोलीचा पाया

आमच्या तुला गावात गवंड्याला कोरीव दगड सापडला, तर कुणी जेवण सोडून बघायलाही येत नाही. हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या तोल्तेकांची देवळं पडली, त्यांच्या दगडांवर आमची गावं उभी राहिली. आम्हा गवंड्यांची रीत ठरलेली आहे. कोरलेलं तोंड भिंतीत आत वळवायचं, सपाट पाठ बाहेर ठेवायची. गिलावा छान बसतो आणि चौकश्याही होत नाहीत.

माझा भाऊ फिदेन्सियो लेकीसाठी अंगणात खोली बांधत होता. लग्न तोंडावर आलं होतं आणि ओतिलियाने ठणकावून सांगितलं होतं, सासूच्या घरात मी राहणार नाही. सासू म्हणजे दोनासियाना. त्या बाईच्या तोंडाला आमचा पाद्रीसुद्धा लागत नाही, त्यामुळे पोरीचं मला पटलं होतं.

पाया खणताना पहार दगडावर आपटली. माती बाजूला केली तर भिंतच निघाली. तिच्यावर कोरलेले जग्वार एकामागे एक चाललेले, पंजांना लाल रंग अजून होता. रांग सरळ घराखाली गेली होती.

फिदेन्सियो म्हणाला, मधले दगड फोड आणि पाया पुढे ने. कळवलं तर पुरातत्त्ववाले कुंपण घालतील, मग कसली खोली! त्याचं खरंच होतं. मी घण उचलला.

तेवढ्यात आमच्यासाठी पुल्केचा, म्हणजे आमच्याकडच्या ताडीसारख्या दारूचा, घडा घेऊन ओतिलिया आली. भिंत बघितली, घडा खाली ठेवला आणि सरळ चरात उतरून दगडांना पाठ लावून बसली.

"काका, घण ठेवा. हे चाललेत कुठेतरी. त्यांचे पाय तोडून वर मी पलंग टाकू?"

"मग राहशील कुठे?" फिदेन्सियो ओरडला.

"सासूकडे."

"चार दिवस टिकणार नाहीस."

"टिकेन. ती बोलेल, मीही बोलेन."

मी तिला उठायला सांगितलं, दरडावलं. ती हलेना. मला राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. मी घण ठेवला.

ती उठली आणि मातीने भरलेल्या चपलांनिशी पुरातत्त्ववाल्यांच्या कचेरीच्या वाटेला लागली. फिदेन्सियो अर्धवट खणलेल्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

"एकट्या पोरीचं तिथे कोण ऐकणार?" असं म्हणून तो तिच्या मागे निघाला.