इंदरलालला घेऊन गेलेलं विमान

मी डाकोटा, लढाईत माल वाहणारं विमान. आज गोंदियाजवळच्या धावपट्टीच्या कडेला मोडक्या पंखानं उभा आहे.

माझी भावंडं बॉम्ब टाकत, शत्रूच्या विमानांशी झुंजत, टेहळणी करत. माझ्या वाट्याला ओझी आली. तांदूळ, दारूगोळा, टपाल, कधी खेचरंसुद्धा. ब्रह्मदेशच्या जंगलात उतरायला जागा नसली की हवाई छत्रीला बांधलेली पोती मी वरूनच सोडायचो. परतताना जखमी आणायचो.

ही धावपट्टी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून झाली. इंदरलाल आणि दुलारी या नवराबायकोची बांधीही तीत गेली. दोघांनी आपल्याच शेतावर गिट्टी टाकली. मग इंदरलाल पलटणीत भरती झाला. त्याला मीच घेऊन गेलो.

वर्षभरानं तो परत माझ्यात आला, स्ट्रेचरवर. पोटात गोळी होती. जखमींची देखभाल करणारा भैयाजी गोंदियाजवळच्या अर्जुनीकडचा. इंदरलालनं त्याला विचारलं, "गोंदिया आला का जी?"

खाली आसामचे डोंगर होते. भैयाजी म्हणाला, "आला. उतरूनच राहिलो."

इंदरलालनं डोळे मिटले. मी जमिनीला टेकलो तेव्हा तो गेलेला होता. त्याला तिकडेच अग्नी दिला.

सरकारनं दुलारीला कळवलं, पण ती मानेना. डोळ्यांनी पाहिलं नाही तर कुंकू कसं पुसू, म्हणायची. विमान आलं की कुंपणाशी येऊन उतरणाऱ्यांचे चेहरे पाहायची. मीही कितीदा तिच्यासमोर उतरलो. मला आवाज होता, पण तो इंजिनांचा.

लढाई संपली. इथेच उतरताना माझा पंख मोडला आणि दुरुस्तीला कोणी आलं नाही. आता सत्तेचाळीस साल उजाडलंय, इंग्रज जाण्याच्या गोष्टी चालल्यात आणि मला भंगारात काढलंय.

काल भैयाजी दुलारीला शोधत आला. माझ्याजवळ उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं. आपण खोटं बोललो, तेही.

दुलारीनं विचारलं, "गाव आलं असंच वाटलं ना त्याइले?"

"हो बाई."

"मंग ते घरीच आले."

आज सकाळी ती एकटी माझ्यात चढली. जिथं स्ट्रेचर होता ती जागा तिनं पदरानं पुसली, आणि त्याच पदरानं कपाळही. आता तिथेच बसली आहे.

बाहेर भंगारवाले घण घेऊन आलेत. बाबांनो, माझ्या पत्र्याची भांडी करा, खुशाल करा. फक्त तिला उतरू द्या.