चिकूच्या बुंध्याभोवतीची फरशी

सुलाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं ते आपल्याच अंगणात. सकाळी गोठ्यातून दुधाची किटली घेऊन येताना चिकूच्या झाडाखाली पाय घसरला आणि त्यांना उठताच येईना. मिरजेला ऑपरेशन झालं. तिथून लेक शिवांजली त्यांना सांगलीला आपल्या घरी घेऊन गेली. आता काही महिने वॉकर धरून चालायचं आणि चालायला जमीन सपाट हवी, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

कराडजवळच्या त्या घरात मागे राहिले सुलाबाईंचे मालक नानासो आणि सून क्रांती. नानासोंचा मुलगा, क्रांतीचा नवरा विश्वजीत फौजेत, तिकडे उत्तरेला. सासरा-सुनेत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालं तरी "चहा ठेवू का मामा?" आणि "ठेव की" याच्या पुढे दोघांची गाडी गेली नव्हती. सगळं बोलणं सुलाबाईंच्या मार्फत चालायचं. त्या सांगलीला गेल्या आणि घर गप्प झालं.

अंगणाला फरशी घालायची हे नानासोंनी ठरवलं, पण गवंड्यानं दिवाळीनंतरचा वायदा दिला. सुलाबाई तर पंधरवड्यात यायच्या होत्या. नानासो फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. ते म्हणाले, "आपणच घालू." ते हे कुणाला म्हणाले ते नक्की नव्हतं, पण घरात क्रांतीच होती. ती म्हणाली, "घालू की."

कराडला कुतुबुद्दीनभाईंचं फरशीचं दुकान. नानासोंशी त्यांची शाळेपासूनची दोस्ती. क्रांतीला बघून त्यांनी आधी खुर्ची पुसून दिली, मग नानासोंना विचारलं, "काय पायजे गड्या? गुळगुळीत पॉलिशची दाखवू? लय देखणी हाय."

"देखणी नको. सुलीला चालायचंय त्याच्यावर."

कुतुबुद्दीनभाईंनी मान डोलावली आणि मागच्या बाजूला नेऊन शहाबादी फरशीची थप्पी दाखवली. वरची बाजू खडबडीत होती. त्यांनी बादलीतलं पाणी फरशीवर ओतलं आणि नानासोंना चप्पल काढून उभं राहायला लावलं. पाय सरकला नाही. फरशी ठरली.

"आता कापायची कशी?" कुतुबुद्दीनभाईंनी विचारलं. "कडंला, मोरीपाशी, झाडापाशी कापावीच लागंल."

"छिन्नी हाय घरात. हातोडा हाय."

"आरं नानासो, छिन्नीनं दिवाळी येईल. कटर मशीन ने माझ्याकडचं. डायमंडचं ब्लेड लावून देतो."

तोवर क्रांती टेबलावरचं मशीन उचलून उलटसुलट बघत होती. "भाई, ह्याचा ब्लेडवरचा गार्ड कुठंय? आणि हे ब्लेड तर लोखंड कापायचं हाय. दगडाला लावलं तर फुटंल."

कुतुबुद्दीनभाई आत जाऊन गार्ड आणि दगडाचं ब्लेड शोधून घेऊन आले.

"तुला गं काय म्हाईत?" नानासोंनी विचारलं.

"लग्नाआधी शिरवळला कंपनीत होते की मामा. लोखंडाची ओतीव कास्टिंगं घासायचे. दिवसभर ग्राइंडरच हातात."

सून कंपनीत होती एवढं नानासोंना ठाऊक होतं. ती तिथं डबे भरत असेल, अशी त्यांची समजूत होती. टेंपोत फरशी चढवताना ते अधूनमधून तिच्या मनगटांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मुरूम धुमसून झाला, दोरी ताणली, मधल्या अख्ख्या फरश्या बसल्या. मग कडेच्या फरश्या आल्या आणि दोघांचे दोन पंथ झाले. नानासो उंबऱ्याजवळ पोतं टाकून बसले. पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेवरून छिन्नी हलक्या हातानं ठोकत न्यायची, फरशी उलटी करून पुन्हा तेच, मग वाशावर रेघ धरून एक बेताचा ठोका. फरशी रेघेवर दोन होई. कड ओबडधोबड यायची, पण यायची. पलीकडे क्रांतीनं ओढणी डोक्याला बांधली, चष्मा लावला, तोंडावर मास्क चढवला आणि मशीन सुरू केलं.

तिनं ब्लेड एका दमात खाली दाबलं. लोखंडाला तसंच करायची सवय होती. अर्ध्यावर गेली असेल, तोच खाडकन आवाज होऊन फरशी भलतीकडेच चिरली. अंगणात पांढरी धूळ इतकी झाली की गोठ्यातली म्हैस शिंकायला लागली.

क्रांती मशीन बंद करून उभी राहिली. नानासोंनी पुढची फरशी घेतली, रेघ मारली, ठोकायला लागले, आणि त्यांचीही कोपऱ्यात फुटली. ते खाली बघत म्हणाले, "आज फरशीच खराब दिसतीय."

क्रांतीला हसू फुटलं. मास्कमुळे दिसलं नाही, पण खांदे हलले ते नानासोंना दिसले, आणि तेही हसले.

"दाबून काढलं मी," ती म्हणाली. "दगडाला ते चालत न्हाई वाटतं. आधी नुसती वरवर चीर पाडते. मग थोडी खाली, मग अजून थोडी."

"आणि पाणी? न्हाईतर ही धूळ छातीत जाईल."

"पाणी तुमी सोडा, पण बाटलीनं, बारीक धार, फक्त दगडावर. आणि ती वायर आधी खिळ्याला टांगा. पाण्यात पडली तर दोघांचं फोटो लागतील भिंतीला."

नानासोंनी वायर टांगली. पायात रबरी बूट घातले. क्रांतीनं दुसरा मास्क पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "आमी फौजेत असलं काय लावत नव्हतो."

"सांगलीला आत्तींना फोन करू का?"

त्यांनी मास्क लावला.

असं करत तीन बाजूंच्या कडा झाल्या. लांबच्या सरळ रेघा क्रांतीच्या, मोरीपाशी बोटभर कड झाडायची असली की छिन्नी नानासोंची. काम करताना बोलणं आपोआप यायला लागलं. शिरवळच्या कंपनीत एका मुलीचं बोट कसं वाचलं ते तिनं सांगितलं. थंडीत नदीवर पूल टाकताना हातोड्याची मूठ हाताला कशी चिकटायची ते त्यांनी सांगितलं. विश्वजीत लहानपणी कसा होता, हे तिनं पहिल्यांदा त्याच्या बापाच्या तोंडून ऐकलं. संध्याकाळी चहा कधी ती ठेवायची, कधी ते.

शेवटी राहिलं चिकूचं झाड. बुंध्याभोवती गोल कापायचं होतं आणि सरळ ब्लेड वळत नाही. मग क्रांतीनं खोक्याचा पुठ्ठा बुंध्याला लावून त्याचा गोल कापला आणि तो फरशीवर ठेवून रेघ काढली. रेघेच्या आतल्या बाजूला तिनं मशीननं एकीला लागून एक अशा चिरा पाडल्या, फणीच्या दातांसारख्या. ते दात नानासोंनी छिन्नीनं एकेक करून उडवले. उरलेली खरबड तिनं ब्लेडच्या कडेनं हळूहळू घासून काढली. चार फरश्यांत मिळून गोल जमला. बुंध्याशी अगदी चिकटून, बोटसुद्धा जाणार नाही असा. नानासोंनी त्याचा फोटो काढून कुतुबुद्दीनभाईंना पाठवला.

सुलाबाई आल्या त्या दिवशी शिवांजलीची गाडी दारात थांबली तेव्हा दोघंही धुतलेल्या अंगणात उभे होते. सुलाबाईंनी वॉकर पुढे टाकला, एक पाऊल टाकलं, थांबल्या. पायानं फरशी चाचपून बघितली. मग न थांबता मोरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. शिवांजली मागे हात पसरून चालत होती, त्यांनी तिला बाजूला केलं.

"कोण गवंडी आणला होता?"

"तुझी सून," नानासो म्हणाले.

"आणि मामा," क्रांती म्हणाली.

सुलाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. ही दोघं एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालतात हे त्यांना फरशीपेक्षा नवीन होतं. मग त्यांची नजर झाडाकडे गेली. त्या वॉकर टेकत तिथं गेल्या आणि वाकता येत नव्हतं म्हणून नुसत्या खाली बघत राहिल्या.

"आवं, ह्याला श्वास घ्यायला जागा कुठं ठेवलीय?"

नानासोंचा चेहरा उतरला. "चिकटून बसवलंय. सगळ्यात अवघड काम तेच होतं."

"अवघड आसंल. पण झाड वाढणार न्हाई व्हय? पाणी कुठनं मुरंल? सगळीकडनं वीतभर मागं घ्या."

शिवांजली म्हणाली, "आई, आल्या आल्या काय गं." पण क्रांती आधीच खाली बसून बोटानं मोजत होती. "बरोबर हाय मामा. आपण बुंधा मापला, झाड न्हाई मापलं."

दुसऱ्या सकाळी मशीन पुन्हा बाहेर आलं. सुलाबाईंनी आपली खुर्ची सावलीत मांडून घेतली, नाकाला पदर लावला आणि हातात रांगोळीची वाटी घेतली. वाकता येत नव्हतं, म्हणून त्या बसल्या जागेवरून सांगत आणि क्रांती रांगोळीनं रेघ ओढी. "आजून बाहीर. आजून. तिकडं मुळी हाय, तिथनं वळीव." रेघ गोल झाली नाही, भोपळ्यासारखी वेडीवाकडी झाली. नानासोंनी पाण्याची धार धरली. बसलेल्या फरशीत कापायचं म्हणून क्रांती ब्लेड नुसतं टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत होती. तुकडे सुटले तेव्हा खालची माती दिसली, दाबलेली, कोरडी. नानासोंनी ती खुरप्यानं मोकळी केली.

"आता बघा कसं दिसतंय," सुलाबाई म्हणाल्या.

दुपारी कुतुबुद्दीनभाई मशीन न्यायला आले. त्यांनी फोटोत बघितलेला गोल शोधला आणि हा भोपळा बघून भुवया उंचावल्या. "हे कुणी बिघडवलं गड्या?"

"मी," सुलाबाई आतून म्हणाल्या. "चहा घेऊन जावा."

मशीन कुतुबुद्दीनभाईंनी नेलं, पण थोड्या दिवसांपुरतंच. पुढच्या आठवड्यात गोठ्याच्या दारातला उंच दगड खाली घ्यायचा म्हणून नानासोंनी ते पुन्हा मागवलं. फोनवर ते मित्राला सांगत होते, "आणि दगडाचं ब्लेड दे. गार्ड लावून. न्हाईतर आमची पोरगी मला मशीनला हात लावू देत न्हाई." ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या सुलाबाईंनी "आमची पोरगी" ऐकलं आणि मान वर केली. नानासो बोलत राहिले, त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. सुलाबाईंनी हातातली पाकळी टोपलीत टाकली आणि क्रांतीला हाक मारली, "बस गं पोरी जरा इथं. सांगलीत काय काय झालं ते सांगते तुला."