प्रफुल्लचा स्विच

"एकाच स्क्रीनचा स्विच घ्याल तं दुसरी काळीच राहीन," पुसदच्या दुकानातले पूनमसिंग म्हणाले. "दोन लॅपटॉप, दोन मॉनिटर. म्हंजे चार वायरी आत, दोन बाहेर. असा पाह्यजे."

माझा मुलगा प्रफुल्ल दोन डब्या हातात घेऊन उभा होता. चार वर्षं तो आर्णीच्या आमच्या घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करत होता. आता टेबलावर दुसरा लॅपटॉप आला होता आणि दर वेळी वायरी उपसून इकडच्या तिकडे खोचताना तो चिडायचा.

"बटन दाबलं का दोन्ही स्क्रीन याच्या, आखीन दाबलं का त्याच्या," तो मला समजावू लागला.

"मले काय शिकवतं रे? तेवीस वर्षं मी तेच केलं."

मी आर्णीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. स्विचबोर्डच्या एका भोकात राळेगाव, दुसऱ्यात पुसद. दोरी खोचायची आणि म्हणायचं, बोला. प्रफुल्लचे बाबा बदलीच्या गावाहून ट्रंक कॉल लावायचे. "पंचफुला, जेवली काय?" एवढंच विचारायचे, आणि लाइनीवरच्या साऱ्याजणी दुसऱ्या दिवशी मला तेच विचारून हसायच्या. ते गेले. त्याआधीच बोर्ड भंगारात गेला होता.

"मजबूत द्या भाऊ," मी पूनमसिंगांना म्हटलं. "दहा वर्षं घरी चालवाचा हाये."

प्रफुल्लने प्लास्टिकची डबी परत ठेवली. त्याने लोखंडी डबीचा निवडला.

परतताना एसटीत त्याला फोन आला. "हो सर, स्विच पक्का. एक तारखेपासून." मला वाटलं, साहेबालाही केवढं कौतुक!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सत्यशीलाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "प्रफुल्लनं स्विच केला वं. आता दोन-दोन कामं घरूनच."

तिची मुलगी पुण्यात कंप्युटरवर आहे. तूर पाखडता पाखडता तिचं सूप थांबलं. "मावशी, त्यायच्यात नोकरी बदलली का स्विच केला म्हंतेत. कुठं चाल्ला थो?"

"कुठी नाही. डबी आनली आमी. चाल, दाखवतो तुले."

मी तिला हाताला धरून आणलं. प्रफुल्ल दोन्ही लॅपटॉप उघडून बसला होता. "सांग हिले, स्विच काय असते थे."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली. सत्यशीला म्हणाली, "गॅसवर भाजी लागन माही," आणि निघून गेली.

"चेन्नई, आई," तो म्हणाला. "रोज हाफिसात जा लागते. जुनी कंपनी बी पुण्याले बोलावूनच राह्यली होती. घरून आता कोनीच नाही ठेवत."

"दुकानात काहून नाही बोलला?"

"तू लय खुश होती."

"मंग हा स्विच कायले घेतला?"

"जुन्या कामाचे वीस दिवस उरले, नव्याचं ट्रेनिंग सुरू झालं. दोन्ही संगंच हाये."

वीस दिवस. मी खाटेवर बसले. मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. "मले नेतं काय?"

त्याने बराच वेळ बटणाशी चाळा केला. दोन्ही स्क्रीन कधी या लॅपटॉपच्या, कधी त्याच्या होत राहिल्या. "एकच खोली हाये, आई. तिघं पोरं राहू तिथं."

"बरं," मी म्हटलं.

तीस तारखेला गाडी दाराशी आली. मॉनिटरची खोकी कधीच फेकली होती, म्हणून मी दोन्ही माझ्या गोधड्यांत गुंडाळले, वरून नाडा आवळला आणि निरगाठ मारली.

"इतकी पक्की नको मारू," तो म्हणाला. "तिथं मले एकट्यालेच सोडा लागन."

मी खाली बसून गाठ सोडवू लागले. बोटं आता पूर्वीसारखी ऐकत नाहीत. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. गाठ सुटली तेव्हा मी सुरगाठ मारली, आणि तिचं टोक त्याच्या हाताला चटकन लागेल असं बाहेर काढून ठेवलं.