डावीकडची सीट

लडकू ड्रायव्हर आणि महादू क्लीनर, मिश्या काळ्या होत्या तेव्हापासून एकाच केबिनमध्ये बसत होते. मग देवेश शेठनी नवा ट्रक घेतला. डुलकी लागली तर ओरडून जागं करणारा, समोर कोणी आलं तर स्वतःच ब्रेक मारणारा. शेठ म्हणाले, आता दुसरा माणूस कशाला? महादू डबा घेऊन उतरला आणि कोन गावात एका गोदामाच्या गेटवर वॉचमन झाला.

लडकूच्या घरी कोणी नव्हतं. बायको पार्वती वारल्यापासून त्याचं बोलणं काय ते केबिनमध्येच व्हायचं. नवी गाडी वाईट नव्हती. रस्त्यावरचा आपला पट्टा सोडला की टोकायची, जांभई दिली तरी टोकायची. पण भाजीत मीठ जास्त पडलंय, हे तिला सांगून काय उपयोग?

एका दुपारी नाशिकहून दापोड्याला परतताना पडघ्याच्या अलीकडे एक कंटेनर त्याला डावीकडून खेटून पुढे जाऊ लागला. लडकूची नजर आरशात होती. तेवढ्यात दुभाजकाच्या फटीतून एक बाई स्कूटर घेऊन समोर आली. त्याचा पाय ब्रेकवर पोचण्याआधीच गाडीने ब्रेक मारला. ट्रक हातभर अंतरावर थांबला. बाईने पांढऱ्याफटक चेहऱ्याने वर पाहिलं आणि ती निघून गेली.

"बघलास, महादू?" लडकू डावीकडे वळून म्हणाला.

सीट रिकामी होती. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

गाडीने ऑफिसला कळवलंच होतं. तिथे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या भावनाचा फोन आला. गाडी ठीक आहे, कोणाला लागलं नाही, असं त्याने सांगितलं.

"गाडीचं नाही विचारत, काका. तुम्ही?"

बाई हातभरावर होती, एवढंच तो म्हणाला. ती म्हणाली, लगेच निघू नका, पाणी प्या, मी आहे फोनवर. तो पुन्हा निघेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी भावनाने शेठना सांगितलं, की असा ब्रेक लागला तर ड्रायव्हरला तासभर थांबू द्या, आणि लांबच्या फेरीला सोबत माणूस द्या. थांबायचं शेठनी मान्य केलं. माणसाचं बघू म्हणाले.

रविवारी लडकू कोनला गेला. गेटजवळच्या बाकड्यावर बसून त्याने महादूला सगळं सांगितलं.

महादूने विचारलं, "बिरेक गाडीनंच मारला?"

"हां."

"मंग माझी काय गरज न्हवती."

"बिरेक माराला न्हवती," लडकू म्हणाला.

महादू आत गेला आणि दोन ग्लास चहा घेऊन आला. शिफ्ट संपेपर्यंत दोघं बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना महादू गेट उघडून देत होता. मग लडकू रिक्षात बसून एकटाच घरी गेला.