पडद्यांविना घर

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. तोंड बंद ठेवणं हाच माझा धंदा. पण इतकी वर्षं गप्प बसलो, आता थोडं बोललो तर रागावू नका.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने माझ्या पोटात पट्ट्या बसवल्या, किल्ली फिरवली आणि खट्‌ आवाज ऐकून मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांचं घर तळमजल्यावर होतं, दोन खोल्यांचं, रस्त्याकडे मोठ्या खिडक्या असलेलं. बाई घरात असल्या की मी दाराजवळच्या खिळ्यावर लटकायचो, बाहेर गेल्या की कडीला. परगावी निघताना त्या मला दोनदा ओढून पाहत आणि शेजारणीला म्हणत, "माझं कुलूप आहे तोवर मला काळजी नाही." कौतुक पुष्कळ झालं, पण तेलाचा थेंब कधी मिळाला नाही. हळूहळू किल्ली अडकू लागली आणि खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे राहायला जायचं ठरवून त्यांनी घर विकायला काढलं. बघायला आले एक टेलर आणि त्यांची बायको. ती इस्पितळात नर्स होती. टेलरची म्हातारी आई भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. गुडघे गेल्यापासून ती जिना उतरलेली नव्हती. म्हणून त्यांना तळमजलाच हवा होता. किंमत ठरली, इसार दिला. महिनाअखेर खरेदी झाली नाही तर इसार बुडणार, हेही ठरलं.

"अहो, या कुलपाची किल्ली फिरतच नाही," नर्स म्हणाली.

"ताबा मिळाला की आधी हे बदलू," टेलर म्हणाले. मला वाईट वाटलं. तेल न घालता माणसंसुद्धा कुरकुरतात.

टेलर हौशी माणूस. टेप घेऊन आले, प्रत्येक खिडकीचं माप घेतलं, आणि हाताशी उरलेल्या पैशांतून भारी कापड आणून अस्तर लावलेले पडदे शिवूनही टाकले. घर व्हायच्या आधी पडदे तयार! बाशिंगाआधीच वरात निघाली होती.

मग खरेदीखताचा मसुदा घेऊन वकील आले. सगळे माझ्यासमोरच बसले होते. मुद्रांक शुल्क, नोंदणीची फी, वकिलांची फी, बँकेचा खर्च, असं एकेक ते सांगत गेले आणि टेलरचा चेहरा उतरत गेला.

"पण किंमत तर ठरलीय ना, साहेब?"

"ती बाईंची झाली. हे सरकारचं आणि आमचं. बँक कर्ज देईल ते घराच्या किमतीवर. हे पैसे आधी तुमच्याच खिशातून जाणार."

"खिशातले पडद्यांत गेले," नर्स म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता ना, नुसतं कापड म्हणजे कोट नव्हे, अस्तर, बटणं, शिलाई वेगळी? मग घराला अस्तर नसतं असं कसं वाटलं तुम्हाला?"

टेलर हळूच म्हणाले, "कागदावर किंमत थोडी कमी लिहिली तर? शुल्क कमी होईल."

"कर्जही कमी होईल," वकील म्हणाले. "आणि तो गुन्हा आहे."

बाईंनी चष्मा काढला. "खोट्या आकड्याखाली मी सही करणार नाही हो. मुलांना जन्मभर खरं लिहायला शिकवलं."

दुसऱ्या दिवशी टेलर बाईंकडे पुन्हा आले, खिडक्यांपाशी उभे राहिले आणि टेप खिशातच ठेवून म्हणाले, "पडदे एका लॉजवाल्याला विकले. त्याच्या खिडक्या लहान, तेव्हा मीच कापून दिले." स्वतः शिवलेलं स्वतः कापताना काय वाटलं असेल, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. नर्सने पगारावर उचल घेतली. सामान ट्रकऐवजी हातगाडीवर आणायचं ठरलं. नवं कुलूपही रद्द झालं! ज्या शुल्काने पडदे नेले, त्यानेच मला वाचवलं. हे मी उघड कबूल करतो, जरा लाजतच.

महिना संपायच्या आत नोंदणी झाली. म्हातारीला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं आणि इथे आणलं. टेलरनी खुर्ची खिडकीशी ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, "आई, पडदे राहिले गं. पुढच्या वर्षी नक्की लावू."

म्हातारी बाहेर बघत होती. भाजीची गाडी, सायकली, शाळेतून परतणारी पोरं जात होती.

"कशाला रे?" ती म्हणाली. "इतकी वर्षं समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघितली मी. आता झाकतोस कुठे?"

टेलर हसले, आणि मग त्यांना डोळे पुसावे लागले. संध्याकाळी त्यांनी शिलाई मशीनचं तेल माझ्या पोटात सोडलं. किल्ली लोण्यासारखी फिरली.

मित्रांनो, घर घ्याल तेव्हा किमतीबरोबर तिचं अस्तरही आधी विचारा. घरातल्या जुन्या कुलपाला तेल द्या. मला आता कडीला फारसं कोणी लावत नाही, कारण आजी घरात असतात. मी खिळ्यावर असतो, आजी खिडकीशी. दोघं मिळून रस्ता बघतो.