पश्चिमेची कूड

डोळे मिटा पाहू क्षणभर. वैशाखातली दुपार आहे. अंजनगाव सुर्जीच्या शिवारात माती तव्यासारखी तापली आहे, आणि तुम्ही मात्र गार, ओल्या, हिरव्या अंधारात उभे आहात. हा पानमळा. विड्याची पानं इथल्या वेलांना लागतात. वेल इतके नाजूक, की बाहेरचा वारा त्यांना सोसत नाही. म्हणून मळ्याभोवती तुराट्या-पऱ्हाट्यांची, म्हणजे तुरीच्या नि कपाशीच्या वाळल्या काड्यांची, उंच, दाट कूड घालतात. आत जाणारा वहाणा दाराशी काढतो. मळा म्हणजे देवघरच; विटाळ झाला तर वेल सुकतो, असा गावचा समज.

आता डोळे उघडा आणि ऐका. पश्चिमेची कूड करकरते आहे.

"शालू, दोर आन! धाव!"

पुंजारामानं कुडीला खांदा लावला होता. बाहेर वावधन, सोसाट्याचं वादळी वारं, सुटलं होतं. आठ वर्षांच्या शालूनं दोर आणला, पण धरायला एक आणि बांधायला एक असा दोन मोठ्या माणसांचा तो खेळ होता. कूड गेली तर संध्याकाळपर्यंत सारे वेल करपणार. पुंजारामाचं अवघं आयुष्य ह्या वेलांत गेलेलं. पानं विकायला परतवाड्यापर्यंत जायचा, त्यापलीकडचं जग त्यानं पाहिलं नव्हतं.

"बाबा, देवमनकाका बाजूच्याच वावरात हाय. बलावू?"

पुंजारामानं खांदा आणखी जोरानं रेटला.

देवमन त्याच्याच वयाचा, मजुरी करणारा. दोन वर्षांपूर्वी, छप्पन साली, त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. "आपल्याले नाही बा काही वाटत. मानूस तो मानूस," असं पुंजाराम चारचौघांत म्हणायचा, आणि ते ढोंग नव्हतं. फाल्गुनात हीच कूड कलली तेव्हा त्यानंच देवमनला हाक मारली होती. फक्त एवढंच म्हणाला होता, "वहाना दारात नको काढू. तिकडं धुऱ्याआड ठेव." देवमन बांधापलीकडे गेला आणि अनवाणी परत आला. शालू तेव्हा दाराशीच होती.

पुढे पंधरवड्यात कोपऱ्यातले वेल काळे पडले. शेजारच्या मळ्यातला किसनराव येऊन डोकावला.

"काय गा पुंजाराम, कोनाले आत घेतलं होतं?"

"कोनालेच नाही."

"मंग वेल काय मनानंच मेले? पाह्य बापा. तुह्या पायी आमचेही मळे जातीन."

किसनराव गेला, पण त्याचं बोलणं पुंजारामाच्या मनातून जाईना. त्यानं गुपचूप गोमूत्र शिंपडलं. देवमन समोरून दिसला की तो वाट बदलू लागला. चारचौघांत बोलायचा ते जुनंच, "मानूस तो मानूस."

"बाबा, तो कोपरा तं संक्रांतीपासूनच पिवळा होता," शालू एकदा म्हणाली. "तुमीच म्हनले होते, तिथं पानी साचते म्हून."

"चूप बस!"

पोर खरं सांगत होती. त्यालाही आठवत होतं. पण एखादं पान गळालं तरी त्याच्या डोळ्यांपुढे देवमनची पावलंच यायची.

आणि आज पुन्हा वावधन. एक खुंट कडकन मोडला. कुडीला पडलेल्या फटीतून गरम झोत आत घुसला, तशी समोरची पानं उलटीपालटी झाली.

"पुंजारामभाऊ! पडते ना ते!" देवमन दाराबाहेर धावत येऊन थबकला होता. "येऊ का?"

ये म्हणायला कितीसा वेळ लागतो? पुंजारामानं तोंड उघडलं. पण आधी त्याची नजर धुऱ्याकडे गेली. किसनराव आता कुठून तरी पाहत असेल, असं त्याला वाटलं.

"तू... थांब जरा."

"थांबतो." देवमनचा चेहरा धुळीनं माखला होता. "माह्याही घरी लेकरं हायेत भाऊ. मी आत आलो अन् उद्या एक वेल सुकला, तं गाव माह्याच दारात येईन. तुमी म्हना 'ये', मंग येतो."

"बाबा, म्हना ना!"

पुंजारामानं डोळे घट्ट मिटून घेतले. खांद्यात तुराट्या रुतत होत्या. त्याचे पाय मागे सरकत होते.

शालूला भीती वाटत नव्हती, असं समजू नका. किसनरावाचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. खरंच वेल मेले तर? बाबांनी मारलं तर? तशीच ती दाराबाहेर गेली आणि देवमनच्या पुढ्यात खाली बसली.

"पाय उचला, काका."

"हे काय करतं माय! मी काढतो ना. तिकडं धुऱ्याआड..."

"धुऱ्याआड नाही. उचला."

त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा. शालूनं त्या धुळकट वहाणा दोन्ही हातांनी धरून दाराशी आणल्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसतील अशा, बापाच्या वहाणांना लागून नीट ठेवल्या. मग देवमनचं बोट धरून ती आत वळली.